क्रितामध्ये स्वतःचे शॉर्टकट कसे बसवावेत?

क्रिता हे डिजिटल चित्रांसाठीचे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्र काढताना वेळ रेषांपेक्षा रेषांच्या मधल्या कामात अधिक जातो: ब्रश लहान-मोठा करणे, रंग उचलणे, खोडणे, कॅनव्हास फिरवणे. असे एक काम मेनूतून करायला तीन सेकंद लागले आणि दिवसात ते चारशे वेळा केले, तर वीस मिनिटे गेली. शिवाय दर वेळी नजर चित्रावरून उठते, हे नुकसान वेगळेच.

नवीन कळा बसवण्याआधी मूळ कळा वापरून पाहाव्यात, कारण त्यातल्या काही फार चांगल्या आहेत. शिफ्ट दाबून पेन आडवे ओढले की ब्रशचा आकार बदलतो. कंट्रोल दाबून टेकवले की तिथला रंग उचलला जातो. स्लॅश दाबल्यावर आधीचा ब्रश परत हातात येतो. फोटोशॉपमधून आलेल्यांची गफलत हमखास 'ई'वर होते. तिथे ती कळ खोडरबर हे वेगळे साधन निवडते, तर क्रितामध्ये हातातला ब्रशच खोडू लागतो. पुन्हा रंगवायचे तर पुन्हा 'ई'च दाबावी लागते. जुनी सवय मोडायची नसेल तर फोटोशॉपसारखी कळांची तयार मांडणीही क्रितामध्ये निवडता येते.

खरी अडचण अंतराची आहे. उजव्या हातात पेन धरणाऱ्याचा डावा हात कीबोर्डच्या डाव्या कडेला असतो. पण रंग गडद आणि फिका करणाऱ्या 'के' व 'एल', पारदर्शकतेच्या 'आय' व 'ओ', कॅनव्हास आरशासारखा उलटवणारी 'एम' या साऱ्या उजवीकडे आहेत. (डावखुऱ्यांची मात्र इथे सोय झाली आहे!) चित्र उलटवून पाहिले की तिरका गेलेला चेहरा लगेच लक्षात येतो, म्हणून ही कळ हाताशीच हवी. ती 'क्यू'वर आणणे सोयीचे.

बदल करण्यासाठी सेटिंग्जमधील 'कॉन्फिगर क्रिता' उघडून कीबोर्ड शॉर्टकट्स हा विभाग निवडावा, हवी ती क्रिया शोधावी आणि नवी कळ दाबावी. ती आधीच दुसऱ्या कामाला दिलेली असेल तर तसा इशारा मिळतो. तो न वाचता पुढे गेल्यास जुने काम त्या कळेवरून निघून जाते. जतन करण्याच्या आणि मागे जाण्याच्या कळांना हात लावू नये. शिफ्ट ओढणे किंवा स्पेस दाबून कॅनव्हास सरकवणे या गोष्टी मात्र इथे सापडत नाहीत. त्या 'कॅनव्हास इनपुट सेटिंग्ज'मध्ये असतात, आणि नवशिक्यांचा बराच वेळ नेमका इथेच वाया जातो.

एकदम वीस कळा बदलल्या तर एकही लक्षात राहत नाही. आठवड्याला तीन-चार पुरेत. त्या निवडायला सोपी कसोटी आहे: तासाभराच्या कामात ज्या गोष्टीसाठी पेन सर्वाधिक वेळा मेनूकडे गेले, तिला पहिली कळ. महिन्यातून एकदा लागणाऱ्या फिल्टरला मेनूच बरा. ग्राफिक्स टॅब्लेटवर बटणे असतील तर त्यांना ड्रायव्हरमधून याच कळा जोडता येतात, म्हणजे मनगटाचा ताणही कमी होतो.

कळा अचानक चालेनाशा झाल्या तर आधी कीबोर्डची भाषा पाहावी. मराठी टायपिंग करून तसेच चित्राकडे वळले की एका अक्षराच्या कळा बंद पडू शकतात. इंग्रजीवर आणल्या की बहुधा काम होते. मांडणी पक्की झाली की ती फाइल म्हणून साठवावी, म्हणजे दुसऱ्या संगणकावर नेता येते. कॅनव्हास इनपुटची सेटिंग्ज मात्र त्या फाइलमध्ये येत नाहीत, ती वेगळी न्यावी लागतात.