हाताचा छंद आणि नेसची शाळा

कुणी परसात चार वांग्यांची रोपं लावली, कुणी सुटीच्या दिवशी रंधा घेऊन फळीशी झटू लागला, की घरचेच म्हणतात, "अहो, बाजारात हे स्वस्त मिळालं असतं!" हाताच्या छंदातून मिळतं काय, हा प्रश्न जुनाच आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी स्वीडनमधील एका शाळेने त्याला दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे.

स्वीडनचा हिवाळा लांबलचक. शेतीची कामे थांबली की शेतकरी शेकोटीपाशी बसून पळ्या, अवजारांचे दांडे असे सामान स्वतःच घडवीत. पुढे कारखान्यांचा माल खेडोपाडी पोचला आणि हे घरकाम मागे पडू लागले. गोथेनबर्गचे व्यापारी ऑगस्ट अब्राहमसन यांनी १८६८ साली नेस येथील जमीनजुमला विकत घेतला होता. तेथे १८७२ मध्ये मुलांसाठी हस्तकामाची शाळा निघाली. ती चालवीत अब्राहमसन यांचे भाचे ओट्टो सालोमोन. हेतू सरळ होता: मुलांच्या हाताला काम मिळावे, पदरी चार पैसे पडावेत.

१८७७ मध्ये सालोमोन फिनलंडला गेले आणि उनो सिग्नेयस यांना भेटले. फिनलंडच्या लोकशाळांत सिग्नेयस यांनी हस्तकाम आणले होते, पण ते सुतार तयार करण्यासाठी नव्हे, माणूस घडवण्यासाठी. सालोमोन यांना हे पटले आणि नेसचे धोरणच पालटले.

त्यांची रीत मोठी साधी. पहिले हत्यार चाकू. कारण खेड्यातल्या पोराच्या हाताला तो ओळखीचा. सुरुवातीच्याच वस्तूंत फुलझाडाला आधार द्यायची काठी असे. मग पायरीपायरीने अवघड काम. वस्तू घरच्या उपयोगाची हवी, शोभेची नको. ती एकानेच आरंभापासून शेवटपर्यंत करायची. कारखान्यासारखी कामाची वाटणी नाही. आणि शिक्षकाने मुलाच्या कामाला हात लावायचा नाही, बरं का! वाकडं झालं तरी ते त्याचंच. ही 'स्लॉइड' पद्धत शिकायला देशोदेशीचे शिक्षक नेसला येत.

आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षण मांडले. मात्र मुलांच्या कामातून शिक्षकाच्या पगाराची सोय व्हावी, अशीही त्यांची अपेक्षा होती. गरीब देशाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी होती. पण ज्या हिशेबातून सालोमोन बाहेर पडले, तोच येथे पुन्हा उभा राहिला.

श्रोतेहो, पोटासाठी हात राबलेच पाहिजेत, यात वाद नाही. परंतु दिवसभर कामाचा एखादाच तुकडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याला एक तरी वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या हातांनी करायला मिळावी. मग ते पाट असो की मिरचीचे रोप. बाजारभावाने ती महाग पडेल. पण ती पुरी केल्याचे समाधान कोणत्या दुकानात मिळते?