दुकानाचं घड्याळ

ओक्लाहोमा विद्यापीठात शिकणारा रॉबर्ट कोनिके 1981 साली एक खेळ लिहू लागला. विद्यापीठाच्या व्हॅक्स संगणकावर वाढत गेलेल्या या खेळाला त्याने टॉल्किनच्या कथेतल्या खाणींवरून 'मोरिया' हे नाव दिलं. वर छोटंसं गाव, खाली राक्षसांनी भरलेली भुयारं. उतरण्याआधी तयारी गावातच करायची. तिथे सहा दुकानं होती. एकात मशाली आणि शिधा, दुसऱ्यात चिलखतं, तिसऱ्यात तलवारी. शिवाय देऊळ, किमयागार आणि जादूच्या कांड्या विकणारा. पुढे जिम विल्सनने 1987 च्या सुमारास हा खेळ सी भाषेत आणला. त्या कोडमध्ये दुकानांची देखभाल करणारं एक लहानसं फंक्शन आहे. खेळाडू भुयारात असताना दर 1000 चालींनी ते एकदा चालतं, प्रत्येक दुकानातला थोडा माल उचलतं आणि थोडा नवा भरतं. गावात कितीही वेळ थांबलं तरी माल पालटत नाही. खाली जाऊन जीव धोक्यात घातला, तरच वर आल्यावर फळीवर काही नवं दिसतं.

आज ऑनलाइन खेळांत ज्याला 'रोटेटिंग शॉप' म्हणतात, म्हणजे ठरावीक वेळाने ज्यातला माल आपोआप बदलतो असं दुकान, त्याचा हा एक जुना आणि निर्मळ नमुना. त्यात कुणाला काही विकायचं नव्हतं. खेळाडू नसतानाही गाव चालू असतं, एवढंच त्या फंक्शनला सांगायचं होतं. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत दुकान तेच राहिलं, पण त्याचं घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. सर्व्हरसाठी प्लगइन, म्हणजे मूळ खेळावर चढवायचा जोडकोड, लिहिणाऱ्या हौशी मंडळींचं काम समजून घ्यायचं, तर या घड्याळाचा माग काढावा लागतो.

मोरियात खेळाडू एकटा होता. अनेकांचं सामायिक जग त्याआधीच, 1978 साली, इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' या अक्षरी खेळातून उभं केलं होतं. पण दुकानाच्या इतिहासात मोठी उडी घेतली ती स्वीडनमधल्या लार्स पेन्शोने, 1989 साली. त्याच्या 'एलपीमड'मध्ये खेळ पूर्ण करणारा खेळाडू 'विझर्ड' होत असे, आणि विझर्डला त्या जगात स्वतः कोड लिहिण्याची मुभा मिळे. त्यासाठी एलपीसी नावाची वेगळी भाषा होती. सर्व्हर बंद न करता नवी खोली, नवा राक्षस, नवं दुकान त्यात जोडता येई. जिवंत वस्तूंसाठी दर दोन सेकंदांनी पडणारा 'हार्टबीट' होता, आणि अधूनमधून जग पूर्ववत करणारा 'रीसेट'. आजचा प्लगइन-लेखक ज्या दोन गोष्टींवर उभा असतो, त्या इथे स्पष्ट दिसतात: मूळ इंजिनाला हात न लावता वर कोड चढवणं, आणि वेळेचा ठोका इंजिनाकडून घेणं.

दीड-दोन वर्षांत कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी 'डिकुमड' तयार केलं. त्यांनी दुकान कोडमधून काढून साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवलं. दुकानदार काय विकतो, काय विकत घेतो, किती पटीने भाव लावतो, कधी उघडतो आणि कधी बंद करतो, पैसे कमी पडले तर गिऱ्हाइकाला काय ऐकवतो, हे सगळं त्या फाइलीत. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही दुकान थाटता येऊ लागलं. डिकुमडच्या परवान्यात एक ठाम अटही होती: या कोडवर कुणी नफा कमवायचा नाही. ही अट पुढच्या वादांची नांदी ठरली, म्हणून ती लक्षात ठेवावी.

घड्याळाचा पुढचा टप्पा जपानमधला. तिथे एप्रिल 2001 मध्ये निन्टेन्डो 64 वर 'दोबुत्सु नो मोरी' आला. पुढे जगाने त्याला 'ॲनिमल क्रॉसिंग' म्हणून ओळखलं. त्याच्या कार्ट्रिजमध्येच खरं चालणारं घड्याळ बसवलेलं होतं. गावातलं दुकान त्या घड्याळावर उघडे, रात्री बंद होई, आणि रोज त्यात वेगळा माल येई. खेळाडूच्या चालींशी संबंध संपला. दुकान आता खऱ्या जगाच्या दिवसावर चालू लागलं. पण घड्याळ खेळाडूच्या घरात होतं. लोकांनी तारीख पुढे सरकवून उद्याचा माल आजच बघायला सुरुवात केली. एकट्याच्या गावात त्याने कुणाचं बिघडत नाही. शंभर जण खेळत असलेल्या जगात मात्र ते चालणार नाही. तिथे घड्याळ सर्व्हरकडेच हवं.

सर्व्हरवर पाहुण्यांचा कोड चालवण्याची परंपरा गोळीबाराच्या खेळांतही रुजत होती. 'काउंटर-स्ट्राइक'च्या सर्व्हरांवर मेटामॉड, मग एएमएक्स मॉड, पुढे सोर्समॉड आले. शेवटच्या दोहोंतली प्लगइनं पॉन कुळातल्या छोट्या भाषेत लिहिली जात, आणि त्यांतून खेळाडूंनी आपापली दुकानंही उभी केली. पण या कारागिरीला खरा बहर आला तो 'माइनक्राफ्ट'मध्ये.

मार्कुस पेर्सनने मे 2009 मध्ये लोकांपुढे आणलेल्या या ठोकळ्यांच्या खेळात सुरुवातीला दुकान नव्हतं, चलन नव्हतं आणि प्लगइनची अधिकृत सोयही नव्हती. सर्व्हरचा प्रोग्राम जावात होता, आणि त्यातली नावं मुद्दाम निरर्थक अक्षरांत बदललेली. हौशी प्रोग्रामरांनी तो उकलला, नावांना अर्थ दिला आणि 2010 मध्ये 'एचमॉड' बनवला. त्याच वर्षाच्या अखेरीस 'बकिट' प्रकल्प सुरू झाला. त्याची कल्पना सुबक होती. मूळ खेळाचा गुंता एका पडद्यामागे ठेवायचा आणि पुढे प्लगइन-लेखकासाठी स्वच्छ दरवाजे उघडायचे: खेळाडू आत आला, ठोकळा फोडला, पेटीवर क्लिक केलं, अशा प्रत्येक घटनेची वर्दी मिळणार. पैशांसाठी आधी 'आयकॉनॉमी'सारखी प्लगइनं होती. प्रत्येकाची पद्धत निराळी, म्हणून दुकान लिहिणाऱ्याला प्रत्येकाशी वेगळा व्यवहार करावा लागे. 'व्हॉल्ट' या प्लगइनने मध्ये उभं राहून तो प्रश्न सोडवला. दुकान व्हॉल्टला विचारतं, या खेळाडूकडे इतके पैसे आहेत का. खरी वही कोण ठेवतं याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

अशा पायावर माल पालटणारं दुकान बांधणं वरवर सोपं वाटतं. पन्नास वस्तूंची यादी करायची, प्रत्येकीला दुर्मीळतेनुसार वजन द्यायचं, रोज त्यातल्या नऊ निवडायच्या आणि पेटीसारख्या खिडकीत मांडायच्या. नऊ उभ्या रांगा, सहा आडव्या, 54 घरं. गावच्या आठवडी बाजारासारखंच, आज जो आला त्याचाच माल. पण या कामात खरी बुद्धी लागते ती कडांवर.

पहिली कड वेळेची. माइनक्राफ्टचा सर्व्हर एका सेकंदाला 20 ठोके मोजतो. त्या हिशेबाने एक दिवस म्हणजे 17,28,000 ठोके. नवखा लेखक तेवढे ठोके मोजून माल बदलण्याचा बेत करतो. पण गर्दी झाली की सर्व्हर मंदावतो, ठोके उशिरा पडतात आणि 'रोजचं' दुकान हळूहळू मध्यरात्रीपासून घसरत जातं. शिवाय सर्व्हर पुन्हा सुरू केला की मोजणी शून्यापासून. म्हणून जाणकार लेखक ठोके फक्त 'वेळ झाली का' हे तपासण्यापुरते वापरतात; पुढचा पालट कधी, हे खऱ्या घड्याळाच्या वेळेत लिहून डिस्कवर जपतात. आजची निवडही तशीच जपावी लागते. नाहीतर सर्व्हर बंद-चालू झाला की नवी सोडत निघते, आणि ज्याच्या हाती सर्व्हर आहे त्याला हवा तो माल येईपर्यंत तो बंद-चालू करत राहू शकतो. काही जण याहून नेटकी युक्ती योजतात. तारखेलाच यादृच्छिक आकड्यांचं बीज करायचं. तारीख तीच तोवर निवडही तीच. एकाच नावाखाली अनेक सर्व्हर जोडलेले असले, तरी सगळीकडे एकसारखं दुकान दिसतं.

दुसरी कड क्लिकची. खेळाडूला दिसणारी पेटी खरी नसते. क्लिकची घटना वेळीच रद्द केली नाही, तर तो फळीवरचा हिरा फुकट उचलून चालता होतो. एखाद्याने खिडकी उघडी ठेवली आणि तेवढ्यात माल पालटला, तर? त्याला जुना माल दिसतोय, सर्व्हरकडे नवा. क्लिक झाल्या क्षणी वस्तू, भाव आणि मुदत पुन्हा तपासायला हवी. मग पैसे आधी कापायचे की वस्तू आधी द्यायची? वस्तू आधी दिली आणि पैसे कापताना गफलत झाली, तर वस्तू फुकट गेली. पैसे आधी कापले आणि खेळाडूची झोळी भरलेली निघाली, तर त्याचं नुकसान. झोळीत जागा आहे का ते बघणं, पैसे घेणं, वस्तू देणं, हा क्रम अनेक सर्व्हरांच्या अर्थव्यवस्थांनी ठेचा खाऊन शिकला आहे. वस्तूंच्या नकला पाडण्याला खेळाडू 'ड्यूप' म्हणतात. अशी एक फट रात्रभर उघडी राहिली, तर महिन्यांची कमाई सकाळी कवडीमोल होते.

तिसरी कड खुद्द खेळाची. 2018 च्या 1.13 आवृत्तीत वस्तूंचे जुने आकडे गेले. लाल लोकर म्हणजे 35:14, अशा आकड्यांत लिहिलेल्या दुकानांच्या याद्या एका दिवसात निकामी झाल्या. खास वस्तू ओळखण्यासाठी पूर्वी तिच्या नावाचा आधार घेत, आणि खेळाडू ऐरणीवर साध्या वस्तूला तेच नाव देऊन फसवत. 2019 मध्ये वस्तूवर अदृश्य खूण ठेवण्याची रीतसर सोय बकिटच्या दरवाज्यांत आली, तेव्हा हा प्रश्न बराच सुटला. त्याच वर्षी 1.14 आवृत्तीत खेळातले गावकरी कामाच्या जागी जाऊन दिवसातून दोनदा माल भरू लागले, आणि दोन लामा घेऊन हिंडणारा व्यापारीही आला. खेळाडूंनी वर्षानुवर्षं प्लगइनमधून घडवलेला अनुभव मूळ खेळानेही आपल्या परीने स्वीकारलेला दिसतो.

मधल्या काळात पैसा शिरला होता. सर्व्हर चालवायला भाडं लागतं, म्हणून चालकांनी खऱ्या पैशांत वस्तू विकायला सुरुवात केली. 'बायक्राफ्ट'सारख्या सेवा सर्व्हरच्या दुकानाला थेट कार्डाशी जोडू लागल्या. काही ठिकाणी चांगली तलवार हवी तर पैसे मोजा, अशी वेळ आली. माइनक्राफ्टची कंपनी मोजांगने जून 2014 मध्ये नियम स्पष्ट केले आणि 1 ऑगस्टपर्यंत मुदत दिली: टोपी, रंग, पाळीव प्राणी विका, खेळात वरचढ करणारी गोष्ट विकू नका. डिकुमडच्या विद्यार्थ्यांनी नफ्याला सरसकट बंदी घातली होती. मोजांगने रेघ शोभा आणि ताकद यांच्यामध्ये ओढली. ती रेघ योग्य होती. तिच्यामुळे पैसे नसलेल्या मुलालाही बरोबरीने खेळता आलं.

त्याच ऑगस्टमध्ये बकिटच कोसळलं. त्याच्या मुख्य चार जणांना मोजांगने 2012 मध्येच नोकरीत घेतलं होतं. आता प्रकल्पाच्या प्रमुखाने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मोजांगने सांगितलं की बकिट कंपनीच्याच मालकीचं आहे. सप्टेंबरमध्ये एका योगदानकर्त्याने हक्कभंगाची कायदेशीर नोटीस पाठवली. त्याचा मुद्दा असा की, त्याने खुल्या परवान्याने दिलेला कोड मोजांगच्या बंदिस्त कोडशी मिसळून वाटला जात होता. डाउनलोड बंद पडले. बकिटवर आधारलेल्या 'स्पिगॉट'ने नोव्हेंबरच्या सुमारास तोडगा काढला: तयार प्रोग्राम वाटायचाच नाही. वाटायचं ते साधन, जे चालकाच्या स्वतःच्या संगणकावर मूळ खेळ आणून त्यावर दुरुस्त्या चढवतं. हजारो प्लगइनं, त्यात सगळी दुकानंही, या तोडग्यामुळे वाचली. स्पिगॉटमधून फुटलेला 'पेपर' पुढे बहुतेक मोठ्या सर्व्हरांचा आधार बनला.

माल पालटणारं दुकान मोठ्या कंपन्यांच्या हातीही गेलं. 'फोर्टनाइट'मध्ये सर्व्हर खेळाडूंच्या हाती नाही, प्लगइनही नाही. त्याचं 'आयटम शॉप' जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री पालटतं. पुण्यात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. विकलं जातं ते रूप, ताकद नाही. पण फळीवर उलटं चालणारं घड्याळ आलं, आणि घड्याळाचा अर्थ पालटला. मोरियात ते जग चालू असल्याची खूण होतं. इथे ते घाईचं साधन झालं. नेदरलँड्सच्या ग्राहक आणि बाजार प्राधिकरणाने मे 2024 मध्ये फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सला 11,25,000 युरो दंड केला. मुलांवर खरेदीचा दबाव आणणं आणि दिशाभूल करणारी घड्याळं, ही त्यातली कारणं होती. वेळ संपल्यावरही काही वस्तू दुकानात राहत होत्या. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नव्हता, तरी तिने तिथल्या 18 वर्षांखालच्या खेळाडूंसाठी 48 तासांपेक्षा कमी काळ राहणारा माल बंद केला. भारतातही 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला फसवणाऱ्या 13 रीतींची यादी केली, आणि त्यात खोट्या घाईचा उल्लेख आहे.

हौशी प्लगइन-लेखकाकडे या बाबतीत एक जमेची बाजू आहे: दिसणारी मुदत आणि खरी मुदत एकच आहे, हे मोठ्या कंपनीला सिद्ध करून दाखवावं लागतं, त्याच्याकडे ते आयतंच असतं. त्याच्या कोडमध्ये पुढच्या पालटाची वेळ एकाच ठिकाणी साठवलेली असते. खिडकीत खेळाडूला जी मुदत दिसते ती तिथूनच येते, आणि क्लिक झाल्यावर 'मुदत संपली' म्हणून नकार देणारी ओळही तोच आकडा वाचते. कोड खुला असेल, तर या दोन्ही ओळी सर्व्हरवरचा कुणीही खेळाडू उघडून ताडून पाहू शकतो.