तंबाखू आणि घराण्याचे रक्त

गेवराई तालुक्यातल्या आमच्या घरी माझे दोन चुलते होते. दोघेही विडीचे शौकीन. थोरले काका ऐंशी ओलांडल्यावरही शेतावर चालत जात. धाकटे काका मात्र चोपन्नाव्या वर्षी घशाच्या कर्करोगाने गेले. दहाव्याला जमलेली मंडळी पारावर बसून म्हणाली, "विडीचा काय दोष? थोरल्याला कुठं काय झालं? ज्याच्या त्याच्या रक्तात असतं ते." मी तेव्हा शाळेत होतो. पुढे इतिहासाचा अध्यापक झालो, पण ते वाक्य मनातून गेले नाही. ते किती खरे आणि किती खोटे, हे आज आपण इतिहासाच्या वाटेने जाऊन पाहू.

पहिली गोष्ट ही की, तंबाखू आपल्या मातीतली नव्हे. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आली. अंबाजोगाईला मुकुंदराजांनी ११८८ साली 'विवेकसिंधु' लिहिला असे आपण मानतो. त्या काळी बालाघाटाच्या डोंगरात तंबाखूचे पानही कोणाला ठाऊक नव्हते. त्याच अंबाजोगाईचे दासोपंत हयात असताना, १६०४-०५ च्या सुमारास, असदबेग नावाचा सरदार विजापुराहून तंबाखू घेऊन अकबराच्या दरबारी गेला. बादशहाने हुक्का ओढून पाहिला, आणि हकिमाने तिथेच हरकत घेतली. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने बंदी घातली, पण तिला कोणी जुमानले नाही.

आता विचार करा. तंबाखू येऊन झाली चारशे-सव्वाचारशे वर्षे, म्हणजे सोळा-सतरा पिढ्या. आपली जनुके तर त्याहून कितीतरी जुनी. मग 'विडी आमच्या रक्तातच आहे' हे म्हणणे कसे टिकावे? रक्तात विडी नसते. पण विडीचा धूर ज्याला जाऊन भिडतो असे काहीतरी रक्ताच्या वारशाने मिळते, हे मात्र खरे आहे.

या प्रश्नावर मोठे रण माजले ते विसाव्या शतकात. विलायतेत डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. त्यावर १९५८ मध्ये रोनाल्ड फिशर या थोर संख्याशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला. तो म्हणाला, एकाच जनुकामुळे माणसाला सिगारेटची ओढ लागत असेल आणि त्याच जनुकामुळे कर्करोगही होत असेल. मग सिगारेटला दोष का द्यावा? एकसारख्या जुळ्या भावंडांच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक जुळतात, हा त्याचा पुरावा. आमच्या पारावरचाच मुद्दा तो, फक्त पंडिताच्या तोंडून आलेला!

आपल्या मुंबईतही हे काम चालू होते. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील तोंडाच्या कर्करोगावर निबंध लिहिला. त्यांनी आणि डॉ. संघवी यांनी १९४९ मध्ये सहा समाजांतील सात आनुवंशिक लक्षणे तपासली, आणि १९५५ मध्ये रोग्यांच्या सवयी तपासल्या. चघळणाऱ्यांत तोंडाचा आणि ओढणाऱ्यांत घशाचा कर्करोग अधिक, असे दिसले. जशी सवय, तशी रोगाची जागा. माझ्या काकांची हकीकत त्यात जणू लिहूनच ठेवली होती.

फिशरला उत्तर मिळाले ते दोन वाटांनी. फिनलंडमध्ये एक ओढणारा आणि एक न ओढणारा अशा जुळ्यांची पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली; ओढणारे भावंड अधिक दगावले. विलायती डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षे पाहणी झाली, तीत ओढणाऱ्यांचे आयुष्य सुमारे दहा वर्षांनी घटलेले आढळले. ज्यांनी साठीला सोडली त्यांना त्यातली तीन वर्षे परत मिळाली, पन्नाशीला सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीला नऊ आणि तिशीला जवळजवळ सगळी. जनुक तर सोडता येत नाही; मग सुटले काय? विडीच ना?

तरी फिशर अगदीच चुकला नव्हता. २००८ मध्ये पंधराव्या गुणसूत्रावर एक जागा सापडली. मेंदूच्या पेशींवर काही कुलुपे असतात, ती शरीराच्याच एका रसायनासाठी घडलेली. निकोटिनची किल्ली त्यांत नेमकी बसते. काहींच्या कुलुपाची घडण वारशानेच थोडी वेगळी असते. ते ओढू लागले की अधिक ओढतात, सोडणे त्यांना जड जाते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही त्यांना अधिक. पण ज्यांनी कधी ओढलीच नाही, त्यांच्यात या जनुकाने धोका वाढलेला मोठ्या पाहण्यांत दिसत नाही. यकृतातले आणखी एक जनुक निकोटिन किती झपाट्याने जिरवायचे ते ठरवते. ज्याचे लवकर जिरते, त्याला तलफ लवकर येते. मुंबईच्याच संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले की, विष निवारणारे एक जनुक ज्यांच्यात जन्मतःच नसते, त्या तंबाखू खाणाऱ्यांना तोंडाच्या कर्करोगाचा धोका अधिक.

म्हणजे थोरल्या काकांना काही झाले नाही, यात त्यांच्या रक्ताचा वाटा असेल, दैवाचाही असेल. पण कुणाचे रक्त कसे, हे पारावर बसून कळत नाही. कळते तेव्हा उशीर झालेला असतो. थोरल्या काकांचा दाखला देत त्यांच्या दोन्ही मुलांनी विडी धरली. त्यांपैकी एक आज चार पायऱ्या चढताना तीनदा थांबतो.

आपल्या राज्यात २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू वापरणारे निघाले. धूर ओढणारे त्यांत थोडे, खाणारे आणि मिश्री लावणारेच फार. म्हणून गुरुजी, वर्गात एवढे जरूर सांगा: ज्याच्या घराण्यात हा नाद आहे, त्याला सुटका नाही असे नव्हे, उलट त्याने पहिल्या विडीपासूनच इतरांपेक्षा दुप्पट सावध राहावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, ज्या पोराला तुम्ही आगपेटी आणायला दुकानात धाडता, त्याच्यातही तुमचेच रक्त आहे, हे विसरू नका.