बाँड परत येईल, पण कुणाचा?

जेम्स बाँडचा पिक्चर संपला की नावं सरकत असताना पडद्यावर एक आश्वासन येतं, जेम्स बाँड परत येणार आहे म्हणून. १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'पासूनची ही प्रथा. पूर्वी तर पुढच्या पिक्चरचं नावही सांगून टाकायचे. १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या शेवटी 'फॉर युअर आईज ओन्ली' जाहीर झाला होता. पण त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने गल्ले भरले, प्रोड्यूसरांच्या तोंडाला पाणी सुटलं आणि १९७९ मध्ये 'मूनरेकर'च्या निमित्ताने बाँडसाहेब थेट अंतराळात! कबूल केलेला पिक्चर आला १९८१ मध्ये. आमच्या धंद्यात याला रोडमॅप बदलला असं म्हणतात.

२०२१ मध्ये मात्र कहर झाला. 'नो टाइम टू डाय'मध्ये बाँड चक्क मेला. (अजून पाहिला नसेल तर आता फार उशीर झालाय, राव.) आणि तरी शेवटी तीच ओळ, की तो परत येईल.

बाँडप्रेमी ही मुळातच चिंतातुर जमात. प्रत्येक नव्या चेहऱ्याला आधी नाकं मुरडायची आणि मग हाच खरा बाँड म्हणून भांडायचं, हा साठ वर्षांचा रिवाज आहे. सुरुवात खुद्द इयान फ्लेमिंगपासून. 'डॉ. नो'साठी शॉन कॉनरीला घेतलं तेव्हा, एकेकाळी दूध पोचवणारा हा रांगडा स्कॉटिश गडी आपला बाँड कसा काय, अशी त्याला शंका होती. १९६२ मध्ये पिक्चर लागला, चालला, आणि नंतरच्या कादंबरीत फ्लेमिंगने बाँडचे वडील स्कॉटिश असल्याचं लिहून टाकलं! १९६९ मध्ये जॉर्ज लाझेनबी आला आणि एका पिक्चरमध्ये गेला. तो पिक्चर आज अनेकांच्या आवडत्या यादीत वरच्या नंबरवर असतो. पण हे कळायला लोकांना काही दशकं लागली.

सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो ऑक्टोबर २००५ मध्ये. डॅनियल क्रेगला स्पीडबोटीतून थेम्स नदीवरून मिरवत आणलं. अंगात लाइफ जॅकेट, केस सोनेरी. झालं! त्याच्याविरुद्ध वेबसाइट निघाली, बहिष्काराच्या आणाभाका झाल्या. २००६ मध्ये 'कॅसिनो रॉयाल' आला आणि सगळे चिडीचूप. क्रेगला बाफ्टाचं नामांकनसुद्धा मिळालं.

म्हणजे चेहऱ्याबद्दलच्या शंका एका पिक्चरमध्ये मिटतात, फार तर दोन. मालिकेला खरे दणके बसले ते कागदपत्रांमुळे. आपण स्क्रीनकडे बघून भांडत बसतो आणि बिघाड असतो सर्व्हर रूममध्ये, त्यातला प्रकार.

उदाहरणार्थ केव्हिन मॅक्लोरी. त्याच्यासोबत लिहिलेल्या पटकथेवरून फ्लेमिंगने १९६१ मध्ये परस्पर 'थंडरबॉल' कादंबरी काढली. मॅक्लोरी कोर्टात गेला आणि १९६३ च्या तडजोडीत त्या गोष्टीचे फिल्मी हक्क त्याला मिळाले. परिणाम काय, तर १९८३ मध्ये बाजारात दोन-दोन बाँड. एकीकडे रॉजर मूरचा अधिकृत 'ऑक्टोपसी' (तोच, उदयपूर, कबीर बेदी आणि विजय अमृतराजवाला), आणि दुसरीकडे 'थंडरबॉल'चीच गोष्ट पुन्हा सांगणारा कॉनरीचा 'नेव्हर से नेव्हर अगेन'. हे झेंगट निस्तरायला २०१३ उजाडलं. म्हणून तर 'स्पेक्टर' ही जुनी खलनायक टोळी तिच्या नावासकट २०१५ मध्ये परतली.

दुसरा किस्सा १९८९ ते १९९५ चा. तेव्हा लोक म्हणत की टिमथी डाल्टन फार गंभीर, त्याने बाँड बुडवला. आणि वर बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत संघ गेला, आता गुप्तहेर हवाय कुणाला? प्रत्यक्षात एमजीएम स्टुडिओ विकला जात होता आणि नव्या मालकाने जुन्या बाँडपटांचे टीव्हीचे हक्क स्वस्तात देऊन पैसा उभा करायचा घाट घातला, म्हणून निर्माते कोर्टात गेले होते. सहा वर्षं गाडी तिथेच रुतली. डाल्टन १९९४ मध्ये कंटाळून बाजूला झाला, आणि १९९५ चा पियर्स ब्रॉस्ननचा 'गोल्डनआय' दणकून चालला. म्हणजे गुप्तहेर लोकांना हवाच होता.

आणि 'कॅसिनो रॉयाल'? त्याचे हक्क बाँडच्या निर्मात्यांकडे नव्हतेच. १९९९ मध्ये सोनी आणि एमजीएममध्ये समझोता झाला, त्यात सोनीला स्पायडरमॅनवरचा एमजीएमचा दावा मिळाला आणि एमजीएमला 'कॅसिनो रॉयाल'. पोरांनी क्रिकेटपटूंची कार्डं बदलावीत तसं!

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट कायम होती, ती म्हणजे ब्रोकोली घराणं. अल्बर्ट ब्रोकोली १९९६ मध्ये गेला, मग मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकेल विल्सन यांनी कारभार पाहिला. २००२ चा 'डाय अनदर डे' (अदृश्य गाडीवाला, देवा!) हा कमाईत तोवरचा सर्वात मोठा बाँडपट होता. तरीही या दोघांनी ब्रॉस्ननला निरोप दिला, अदृश्य गाड्या बंद केल्या आणि शिव्या खाऊन क्रेगला आणलं. आकड्यांकडे बघून कुठल्याही कंपनीने हा निर्णय घेतला नसता. माझ्या मते बाँड टिकला तो या हट्टीपणामुळे.

आता तोच राहिला नाही. ॲमेझॉनने ८४५ कोटी डॉलरला एमजीएम घेतलं, तो व्यवहार मार्च २०२२ मध्ये पुरा झाला. पण बाँडबाबत शेवटचा शब्द घराण्याचाच होता. डिसेंबर २०२४ मध्ये दोघांचं बिनसल्याची बातमी वॉल स्ट्रीट जर्नलने छापली आणि २० फेब्रुवारी २०२५ ला जाहीर झालं की सर्जनशील निर्णय यापुढे ॲमेझॉनकडे. मालकीत वाटा ठेवून बार्बरा आणि मायकेल बाजूला झाले.

त्यानंतर जाहीर झालेली नावं बघून जीव थोडा भांड्यात पडला, हे खरं. प्रोड्यूसर एमी पास्कल आणि हॅरी पॉटरवाला डेव्हिड हेमन, दिग्दर्शक 'ड्यून'चा डेनी व्हिलनव, लेखक 'पीकी ब्लाइंडर्स'चा स्टीव्हन नाइट. टीम तगडी आहे. पहिल्या पिक्चरची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती चौथ्या-पाचव्याची, मनीपेनीच्या कॉलेजच्या दिवसांवर आठ एपिसोडची मालिका वगैरे निघण्याची. २०२३ मध्ये '००७: रोड टू अ मिलियन' नावाचा रिॲलिटी शो येऊन गेलाच आहे, आणि तो तर घराणं असतानाच.

शिवाय घाई करायला कारणही आहे. फ्लेमिंग १९६४ मध्ये वारला. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०३४ अखेरपर्यंत. त्यानंतर तिथे कादंबऱ्यांतला बाँड सगळ्यांना खुला. पिक्चरमधलं संगीत, ट्रेडमार्क वगैरे सोडून. आपल्याकडे ही मुदत ६० वर्षं आहे, त्यामुळे फ्लेमिंगच्या हयातीत छापलेल्या बाँड कादंबऱ्या भारतात १ जानेवारी २०२५ पासूनच मोकळ्या झाल्यात! मराठी अनुवादाला आता कुणाची परवानगी लागत नाही. कुणी मनावर घेणार असेल तर 'कॅसिनो रॉयाल'पासून सुरुवात करा. त्यातला बाँड चुकतो, बेदम मार खातो आणि पत्त्यांत सरकारी पैसे पार घालवून बसतो.