बँगलोर : एका शहराच्या नावाचे क्रियापद

आमच्या बेंगळुरूच्या नावाचे इंग्रजीत क्रियापद झाले होते, हे तुम्हाला माहीत आहे का? 2000 नंतरच्या दशकात अमेरिकी कंपन्या संगणकाची कामे भारतात पाठवू लागल्या. त्यामुळे ज्याची नोकरी गेली, तो तिकडच्या बोलीत 'बँगलोर्ड' झाला. नाम तेच, शेवटी फक्त 'ड' लागला. ज्या कामावर इकडे आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे संसार उभे राहिले, त्याचे तिकडचे नाव हे असे!

ही रीत जुनीच. 19व्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर माणसाला गुंगी देऊन जबरदस्तीने जहाजावर खलाशी म्हणून चढवत. त्याला 'शांघाय' करणे म्हणत. 1880 मध्ये आयर्लंडात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट या इस्टेटीच्या कारभाऱ्याशी लोकांनी सर्व व्यवहार तोडले आणि त्याचे आडनावच क्रियापद झाले. पाहा, 'शांघाय'पुढे मला 'करणे' जोडावे लागले. इंग्रजीला ते लागत नाही.

असे का? जुन्या इंग्रजीत प्रेम म्हणजे 'लुफू' आणि प्रेम करणे म्हणजे 'लुफियन'. शेवटच्या प्रत्ययावरून शब्दाची जात कळे. हे प्रत्यय 1066 च्या नॉर्मन विजयाआधीच झिजू लागले होते. पुढच्या तीन-चार शतकांत बहुतेक गळून पडले. दोन्हींचे 'लव्ह' झाले. रूप सारखेच राहिल्यावर जात ओळखायची ती वाक्यातल्या जागेवरून.

प्रयोगशाळेतला 'टेस्ट' शब्द घ्या. 'द टेस्ट इज ओव्हर' यात तो नाम, 'टेस्ट द सॅम्पल' यात क्रियापद, 'टेस्ट रिपोर्ट' यात विशेषणासारखा. मराठीत आलेला 'टेस्ट' मात्र नामच राहतो. क्रिया सांगायला 'टेस्ट करा' म्हणावे लागते. म्हणून मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी इंग्रजीतही 'डू टेस्ट द सॅम्पल' लिहितात. ही अक्कल कमी असल्याची खूण नव्हे, मातृभाषेचा नियम आहे. अर्थात मराठीलाही नामाचे थेट क्रियापद करता येते: अरबी-फारसीतून आलेल्या 'बदल'चे आपण 'बदलणे' केलेच.

तेव्हा शब्दाच्या आधी काय आहे ते पाहा. 'द' किंवा 'अ' असेल तर पुढे नाम येणार. 'कॅन', 'मस्ट' असेल तर क्रियापद. 'रेकॉर्ड'सारख्या शब्दांत मात्र कानही लागतो: नाम असताना जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. लिहिताना हा फरक दिसत नाही.