कँपबेल आकृतीची कुळकथा

जेट इंजिनाचा आराखडा कायम होण्यापूर्वी त्याच्या प्रत्येक प्रकारच्या पात्यासाठी आणि चकतीसाठी जो आलेख काढला जातो, त्याला कँपबेल आकृती म्हणतात. तिच्या आडव्या अक्षावर इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे आणि उभ्या अक्षावर वारंवारता, म्हणजे एका सेकंदातील कंपांची संख्या, मांडलेली असते. मूळ बिंदूतून निघणाऱ्या तिरप्या रेषा दर फेऱ्याला बसणाऱ्या एक, दोन, तीन, सहा अशा धक्क्यांच्या असतात, कारण फेरे वाढले की दर सेकंदाच्या धक्क्यांची संख्याही त्याच प्रमाणात वाढते. जवळजवळ आडव्या जाणाऱ्या रेषा त्या भागाच्या स्वाभाविक वारंवारतांच्या असतात, म्हणजे तो भाग ठोकून सोडून दिला असता ज्या वारंवारतेने आपणहून थरथरतो तिच्या. तिरपी रेषा आडवीला जेथे छेदते तेथे अनुनादाचा संभव असतो. सतारीची मुख्य तार छेडली असता तिच्या स्वराशी जुळलेली तरफेची तार जशी बोट न लावता बोलू लागते, तसे त्या नेमक्या फेऱ्यांना पाते क्षुल्लक धक्क्यांनीही जोराने थरथरू लागते, आणि ही थरथर टिकून राहिली तर ते मुळाशी तडकते. कोणत्या मोजक्या गतींना इंजिन रेंगाळू देऊ नये याचा हा नकाशा आज विमानविद्येचा मानला जात असला, तरी त्याचा जन्म वाफेच्या यंत्रांपाशी झालेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रशास्त्रज्ञांना सतावणारा प्रश्न पात्यांचा नव्हता, तर लांब फिरत्या दांड्याचा होता. विल्यम रँकिन याने १८६९ साली असे प्रतिपादन केले की प्रत्येक दांड्याला गतीची एक मर्यादा असते आणि तिच्यापलीकडे तो स्थिरपणे फिरूच शकत नाही. त्याचे गणित सदोष होते, पण त्याचा दरारा मोठा असल्यामुळे ही मर्यादा पुढची काही वर्षे भिंतीप्रमाणे मानली गेली. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल याने १८८० च्या दशकात आपल्या वाफेच्या टर्बाइनला मुद्दाम बारीक आणि लवचीक दांडा बसवून तो मिनिटाला ३०,००० फेऱ्यांपर्यंत नेला आणि ती भिंत नसून ओलांडता येण्याजोगा उंबरठा आहे हे दाखवून दिले. उंबरठ्यावर थांबले तर दांडा वाकतो, आणि तो झटपट ओलांडला तर पलीकडे पुन्हा शांतपणे फिरतो. धोका गतीच्या मोठेपणात नसून गतीच्या जुळणीत आहे, हा या विषयाचा पाया येथे पडला. हेर्मान फ्राम या जर्मन अभियंत्याने १९०२ साली जहाजांच्या लांब दांड्यांमधील पिळाचे कंप, म्हणजे दांडा स्वतःभोवती पुढेमागे पिळला जाऊन होणारी थरथर, मोजून दाखवले, आणि समुद्रात तुटणाऱ्या दांड्यांचे कोडे बऱ्याच अंशी सुटले.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या वीजनिर्मितीसाठी बनणाऱ्या टर्बाइनांमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पात्यांच्या चकत्या तुटू लागल्या, तेव्हा तो शोध विल्फ्रेड कँपबेल याच्याकडे आला. त्याच्या ध्यानात आले की पातळ चकतीच्या कडेने कंपांच्या लाटा दोन्ही दिशांना धावतात, आणि चकतीच्या फिरण्याच्या उलट धावणाऱ्या लाटेचा वेग चकतीच्या वेगाइतका झाला की ती लाट बाहेरच्या आवरणाच्या दृष्टीने एका जागी उभी राहते. अशा वेळी वाफेच्या दाबातील किंचित असमानता, जी स्वतः स्थिर असते आणि एरवी निरुपद्रवी ठरते, तीच चकतीला सतत एका ठिकाणी ढकलत राहते आणि कंप वाढत जातो. १९२४ साली अमेरिकेच्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधात त्याने फेरे आणि वारंवारता यांचा जो आलेख काढला, त्याचीच वंशज आजची आकृती होय. वीजगृहातील टर्बाइन वर्षानुवर्षे एकाच ठरीव गतीने फिरते, त्यामुळे त्या गतीच्या आजूबाजूला छेदनबिंदू येणार नाही एवढे पाहिले की काम भागत असे. कँपबेलचे यश मोठे असले तरी त्याला मिळालेला प्रश्न या अर्थाने सोपा होता हे मान्य करावे लागते.

विमानाचा संबंध कंपांशी याच्या कितीतरी आधी, आणि तोही रक्त सांडून, आला होता. १७ सप्टेंबर १९०८ रोजी व्हर्जिनियातील फोर्ट मायर येथे अमेरिकी सैन्यासाठी चाललेल्या चाचणीत ऑर्व्हिल राइट याचे विमान कोसळले आणि त्याच्याबरोबर बसलेला लेफ्टनंट टॉमस सेल्फ्रिज मरण पावला. इंजिनाच्या विमानाने घेतलेला हा पहिला बळी, आणि तो सैनिकाचा होता. पंख्याचे एक पाते लांबीच्या दिशेने तडकले, त्यामुळे दोन पात्यांची ओढ असमान होऊन पंखा हिसके देऊ लागला, त्याचा लांब आस हेलकावला आणि पाते मागच्या सुकाणूला आधार देणाऱ्या तारेवर आदळले. हा अनुनाद नव्हता. असमतोलामुळे घडलेला हा सक्तीचा कंप होता, आणि अपघातांच्या लोकप्रिय वर्णनांत या दोहोंची नेहमी सरमिसळ केली जाते म्हणून हा भेद येथे नोंदवणे आवश्यक आहे. असमतोलाचा कंप सर्व गतींना थोडाफार असतो आणि गती वाढली की वाढतो. अनुनाद एका अरुंद पट्ट्यात राहतो, त्याबाहेर तो जवळजवळ दिसतही नाही, आणि म्हणूनच चाचणीत निसटून जाण्याची त्याची क्षमता अधिक असते.

पिस्टन इंजिनांच्या काळात हा पट्टा दांड्याच्या पिळात लपलेला असे. सिलिंडरमधला प्रत्येक स्फोट दांड्याला एक झटका देतो. नऊ सिलिंडर वर्तुळात मांडलेल्या चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये नऊ स्फोट होतात, म्हणजे दर फेऱ्याला साडेचार झटके बसतात. १९३० च्या दशकात इंजिनांची ताकद वाढली आणि लाकडी पंख्यांची जागा धातूच्या पंख्यांनी घेतली, तेव्हा हे झटके दांडा आणि पंखा यांच्या एकत्रित स्वाभाविक वारंवारतेशी जुळू लागले. पंख्याच्या पात्याचा तुकडा उडाला की उरलेल्या पात्यांच्या असमतोलाने इंजिन आपल्या पायथ्यावरून उखडले जाण्याचा धोका असे, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या इंजिनाच्या दुरुस्तीचा राहिला नाही. राइट कंपनीचा रोलंड चिल्टन आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील एडवर्ड टेलर यांनी त्यावर काढलेला उपाय या संपूर्ण इतिहासातील सर्वांत देखणा म्हणावा लागेल. त्यांनी दांड्याच्या प्रतिभारावर एक वजन लोंबते ठेवले. साध्या लोलकाला गुरुत्वाकर्षण मागे खेचते, या वजनाला मात्र फिरण्यातून उपजणारे केंद्रोत्सारी बल खेचते, आणि ते बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे लोलकाची वारंवारता फेऱ्यांच्याच प्रमाणात चढते. कँपबेलच्या भाषेत सांगायचे तर, बाकीच्या भागांच्या रेषा आडव्या असताना या लोलकाची रेषा साडेचाराच्या तिरप्या रेषेवर बसवलेली असते. इंजिन कोणत्याही गतीने फिरो, साडेचार झटक्यांना उलट झटका देण्यास लोलक तयारच असतो. राइटच्या सायक्लोन इंजिनात हे लोलक बसले आणि याच जातीची इंजिने पुढे बी-१७ या बाँबफेकी विमानांवर लागली.

जेट इंजिनात सिलिंडर नाहीत, त्यामुळे झटक्यांची पीडा संपेल अशी अपेक्षा होती, पण घडले उलटे. युंकर्स कंपनीत आन्सेल्म फ्रान्झ याने आखलेल्या युमो ००४ इंजिनाचे प्रारंभीचे नमुने चालू होताच त्यांच्या दाबयंत्रातील, म्हणजे हवा दाबून आत लोटणाऱ्या भागातील, स्थिर पाती कंपांनी तुटू लागली. टर्बोभारकांच्या कंपांचा अनुभव असलेल्या माक्स बेंटेले याचा सल्ला घेण्यात आला आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जागी पोलादी पाती बसवल्यावर ती अडचण सरली. १८ जुलै १९४२ रोजी मेसरश्मिट २६२ हे लढाऊ विमान या इंजिनांवर उडाले, परंतु १९४३ साली टर्बाइनची फिरती पाती तुटण्याचा नवा प्रकार सुरू झाला आणि तो कोणालाही उलगडेना. युंकर्सच्या माणसांनी धातूचे कण तपासले, पृष्ठभागाचा खडबडीतपणा तपासला, घडणीतील दोष शोधले. निकेलसारख्या धातूंचा दुष्काळ असलेल्या युद्धकालीन जर्मनीत पहिला संशय धातूवर जावा हे स्वाभाविक होते, तरीही कँपबेलचा निबंध छापून जवळजवळ दोन दशके लोटली होती ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्या वर्षीच्या डिसेंबरात हवाई मंत्रालयातील बैठकीत बेंटेलेने जे निदान केले ते मोजणीचे होते. इंजिनात सहा ज्वलनकक्ष वर्तुळात बसवलेले होते. प्रत्येक कक्षाच्या तोंडासमोरून जाताना पात्याला गरम वायूचा एक धक्का बसे, म्हणजे दर फेऱ्याला सहा धक्के. मिनिटाला ९,००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०, आणि त्याची सहापट ९००. पूर्ण जोर लावला असता सेकंदाला ९०० धक्के बसत होते आणि पात्याची एक स्वाभाविक वारंवारता त्याच परिसरात पडत होती. पात्यांची वारंवारता ठरवण्यासाठी एका व्यावसायिक संगीतकाराला बोलावून व्हायोलिनच्या गजाने पाती वाजवून त्यांचे स्वर ओळखवून घेतल्याचे फ्रान्झने नोंदवले आहे; युद्धातील सर्वांत गुप्त शस्त्रांपैकी एकाची तपासणी अशी कानाने व्हावी हे विलक्षण खरे, पण त्यात अशास्त्रीय काहीच नाही, कारण तयार कानाला वारंवारतेतील बारीक फरक कळतो. उपाय तीन झाले: पाते टोकाकडे अधिक निमुळते केले, त्याची लांबी १ मिलिमीटरने कमी केली, आणि इंजिनाचे कमाल फेरे ९,००० वरून ८,७०० वर आणले. पहिल्या दोन उपायांनी आडवी रेषा वर सरकली आणि तिसऱ्याने धक्के सेकंदाला ८७० पर्यंतच थांबले.

दोष महिनोन्‌महिने का निसटला याचे उत्तर आकड्यांतच आहे. धातू एकाच मोठ्या ताणाने तुटतो त्याहून कितीतरी कमी ताण पुन्हा पुन्हा दिला तरीही तो तुटतो. आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून ऑगस्ट व्होलरने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केलेल्या या घटनेला धातुश्रांती म्हणतात. सेकंदाला ९०० कंप या हिशेबाने तीन तासांच्या आसपास एक कोटी आवर्तने होतात. छेदनबिंदूपासून जरा दूर राहिलेले इंजिन तासन्‌तास निर्वेध चालते आणि त्यावर थबकलेले इंजिन दुपार संपण्याआधी पाते गमावते. पुन्हा प्रत्येक पात्याची घडण केसाएवढी वेगळी असल्यामुळे एकाच इंजिनातील काही पाती तुटतात व काही शाबूत राहतात, आणि तपासणाऱ्याला वाटते की दोष त्या मोजक्या पात्यांच्या धातूत असावा. वीजगृहातील टर्बाइन आणि लढाऊ विमानाचे इंजिन यांतील अंतरही येथेच दिसते. लढाऊ वैमानिक झुंजीत जोर घटवतो, वाढवतो, पुन्हा घटवतो; त्याचे इंजिन सगळ्या छेदनबिंदूंवरून शेकडो वेळा ये-जा करते, आणि त्यांतील एखाद्यावर ते काही मिनिटे थांबणारच नाही याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आकृतीचीही एक मर्यादा आहे: काढणाऱ्याला जे धक्के सुचतात तेवढ्यांच्याच रेषा तिच्यावर येतात. ज्या कंपांना बाहेरच्या धक्क्याची गरजच नसते, जे वाऱ्याची ऊर्जा शोषून स्वतःच वाढतात, त्यांना स्वयंप्रेरित कंप म्हणतात आणि त्यांची तिरपी रेषा काढता येत नाही. पंखा व त्याचा आस मिळून भोवऱ्यासारखा डोलू लागून पंखाला हलवू शकतो, ही गोष्ट वर आलेल्या एडवर्ड टेलरने ब्राउन या सहलेखकाबरोबर १९३८ सालीच मांडली होती, पण ती विस्मृतीत गेली. बेल कंपनीचे एक्सव्ही-३ हे अमेरिकी सैन्यासाठी बनवलेले प्रायोगिक विमान, ज्याचे रोटर उभ्याचे आडवे वळत, २५ ऑक्टोबर १९५६ रोजी कोसळले ते रोटर पुढे झुकवताना उठलेल्या अशाच तीव्र कंपांमुळे, ज्यांत वैमानिकाची शुद्ध हरपली. लॉकहीड इलेक्ट्रा ही प्रवासी विमाने १९५९ आणि १९६० साली आकाशातच पंख गमावून पडली तेव्हा कोठे डोलणाऱ्या पंख्याचा तो जुना निबंध पुन्हा वाचला गेला: इंजिनाचा पायथा सैल झाला की डोलण्याची वारंवारता उतरत उतरत पंखाच्या वारंवारतेपाशी येते. इलेक्ट्राच्याच सांगाड्यातून ओरायन हे पाणबुड्यांवर पाळत ठेवणारे नौदलाचे विमान घडत होते, त्यामुळे हा धडा युद्धविमानांच्या कुळात थेट उतरला.

संगणकाने छेदनबिंदू काढणे सोपे केल्यावर हा विषय मिटला असे वाटणे शक्य होते. प्रत्यक्षात १९८२ ते १९९६ या काळात अमेरिकी हवाई दलाच्या इंजिनजन्य गंभीर अपघातांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांचे मूळ अशाच वेगवान कंपांतून आलेल्या धातुश्रांतीत सापडले, आणि त्यासाठी १९९० च्या दशकात स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम उभारावा लागला. धावपट्टीवरचा खडा पात्याच्या कडेला ओरखडा पाडतो आणि तेवढ्याने त्या पात्याची सोसण्याची ताकद घटते. आकृती मात्र नव्या, निर्दोष पात्यासाठी काढलेली असते. बी-१ बाँबफेक्याच्या एफ-१०१ इंजिनाच्या पात्यांच्या कडांवर लेसरचे स्पंद मारून धातूत कायमचा दाब भरण्याची, जेणेकरून ओरखड्यातून तडा पुढे सरकणार नाही, पद्धत त्याच दशकात रूढ झाली.

आणखी एक सुधारणा उलट वळणाची आहे. पूर्वी पाते चकतीच्या खाचेत बसवलेले असे आणि खाचेतील घर्षण कंपाची ऊर्जा थोडीफार खाऊन टाकी. वजन वाचवण्यासाठी पाती व चकती एकाच तुकड्यातून कोरण्याची पद्धत आल्यावर हे घर्षण गेले आणि कंप अधिक काळ टिकू लागला. अशा अखंड चकतीतील पाती सूक्ष्म प्रमाणात असमान असली तर ऊर्जा काही थोड्या पात्यांतच साचते, म्हणून घडवणारे आता प्रत्येक पात्याची वारंवारता वेगळी मोजतात, आणि काही रचनांत तर एकाआड एक पाती मुद्दाम दोन निराळ्या वारंवारतांची बनवून स्वयंप्रेरित कंपांना अटकाव करतात.