पेंच, पाना आणि वंगण

भिंतीवरील जुन्या घड्याळास चावी देतांना आंतून टक् टक् असा आवाज येतो. चावी पुढें फिरते. हात सोडला तरी ती मागें येत नाहीं. आंत एक दांतेरी चाक असतें, आणि त्याच्या दांतांत अडकणारा एक लहानसा खटका असतो. चाकास एका दिशेनें वाट द्यावयाची व उलट दिशेनें ती अडवावयाची, एवढेंच त्या खटक्याचें काम. हीच युक्ति पुढें कारागिराच्या पान्यांत शिरली, तोच रॅचेट. रॅचेट आणि स्क्रू-ड्रायव्हर, म्हणजे पेंचकस, हीं दोन हत्यारें सायकलच्या दुकानापासून मोटारीच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र दिसतात. तीं इतकीं परिचयाचीं झालीं आहेत कीं, त्यांना कांहीं इतिहास असेल अशी कल्पनाहि सहसा कोणास येत नाहीं. परंतु तो आहे. आणि त्या इतिहासाचा विषय एकच आहे. हत्यार निसटतें कां, आणि तें निसटूं नये म्हणून काय करावें?

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. पेंचकस निसटला कीं पेंचाची खांच झिजते, यंत्राचा पत्रा ओरखडतो, आणि पुष्कळदां पातें डाव्या हाताच्या तळव्यांत शिरतें. ज्याचें पोट रोजंदारीवर, त्या मिस्त्रीचा तळवा चिरला म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडाली.

युरोपांत धातूचे पेंच पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वापरांत आलेले दिसतात. जर्मनींतील वोल्फेग येथील किल्ल्याच्या नांवानें ओळखलें जाणारें एक सचित्र हस्तलिखित आहे. तें सुमारें १४७५ ते १४९० या काळांतील असून त्यांत पेंच कापण्याचा लेथ व पेंचकस यांचीं चित्रें सांपडतात. त्या काळीं पेंच लागत ते मुख्यतः चिलखतांना व बंदुकांच्या चापांना. असा पेंच हातानें कानस चालवून घडवीत. त्यामुळें एका भोकासाठीं घडविलेला पेंच दुसऱ्या भोकांत बसेलच, याचा भरंवसा नसे. इंग्लंडांत १७६० सालीं जॉब व विल्यम वायट या बंधूंनीं लांकूडकामाचे स्क्रू यंत्रावर करण्याचें पेटंट घेतलें. पुढें १८०० च्या सुमारास हेन्री मॉडस्ले यानें लंडनांत असा लेथ सिद्ध केला कीं, त्यावर एकाच मापाचे आटे पुनः पुनः अचूक कापतां येऊं लागले.

पण प्रत्येक कारखान्याचें माप निराळें असे. मॉडस्लेच्या हाताखालीं काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं सर्वांसाठीं एकच माप सुचविलें. आट्याचा कोन ५५ अंश असावा, आणि पेंचाच्या व्यासावरून इंचास किती आटे पडावयाचे हें ठरलेलें असावें, ही त्याची योजना. ती इंग्लंडांत मान्य झाली. १८५३ मध्यें बोरीबंदर ते ठाणें ही आगगाडी सुरू झाली, आणि लवकरच मुंबईस कापडाच्या गिरण्या उभ्या राहूं लागल्या. त्यांचीं यंत्रें इंग्लंडांतून आलीं, आणि त्यांच्याबरोबर व्हिटवर्थचे आटेहि मुंबईच्या फिटरांच्या हातीं आले.

इकडे अमेरिकेंत विल्यम सेलर्स यानें १८६४ सालीं ६० अंशांचा आटा पुढें मांडला, आणि युरोप खंडांत मिलिमीटरचें माप रूढ झालें. दुसऱ्या महायुद्धांत या भेदाची किंमत दोस्त राष्ट्रांस चांगलीच मोजावी लागली, कारण एका देशाचा बोल्ट दुसऱ्या देशाच्या यंत्रास बसेना. शेवटीं १९४८ सालीं इंग्लंड, अमेरिका व कॅनडा यांनीं ६० अंशांचा एक समाईक आटा मान्य केला. भारतांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. परंतु कायदा बदलला म्हणून जुन्या यंत्राचा नट बदलत नाहीं. व्हिटवर्थच्या पान्यावर अर्धा इंच असें कोरलेलें असेल, तर तें माप बोल्टच्या जाडीचें. पान्याचें तोंड अर्ध्या इंचाहून बरेंच मोठें असतें. अमेरिकन पान्यावर तोच आंकडा तोंडाच्या रुंदीचा असतो. हा भेद ज्यास ठाऊक नाहीं, तो जवळपासचा पाना लावतो, जोर करतो, आणि नटाचे सहा कोपरे गोल करून बसतो. म्हणून हत्यार निवडतांना पहिला नियम हाच, कीं आंकडा वाचून थांबूं नये. पाना नटावर बसवून पाहावा. तो हलतां कामा नये.

पेंचकसाची गोष्टहि अशीच आहे. सरळ खांचेच्या पेंचावर पातें बाजूस सरकतें. कॅनडांतील पी. एल. रॉबर्टसन या फिरत्या विक्रेत्याचा हात, स्प्रिंगचा पेंचकस लोकांस दाखवीत असतांना, असाच कापला गेला, असें सांगतात. त्यानें १९०८ सालीं चौकोनी खड्ड्याचा पेंच काढला. त्यांत पेंचकस घट्ट बसे. फोर्डच्या कॅनडांतील कारखान्यानें तो वापरला. मात्र त्याच्या उत्पादनाचा परवाना फोर्डला देण्यास रॉबर्टसन तयार झाला नाहीं. पुढें अमेरिकेंत हेन्री फिलिप्स यानें फुलीच्या आकाराच्या खांचेचा पेंच पुढें आणला. त्याचीं पेटंटें १९३६ सालचीं आहेत. या फुलींत हत्याराचें टोंक आपोआप मध्यभागीं येतें, म्हणून मोटारीच्या कारखान्यांत तो लौकरच रुळला. परंतु वरून दाब कमी पडला तर हत्यार फुलींतून वर उसळतें. सरळ खांचेसाठीं पात्याची रुंदी खांचेइतकी व जाडी खांच भरून काढील इतकी असावी. फुलीसाठीं नंबर जुळवावा, आणि टोंक झिजलेलें हत्यार खुशाल बाजूस टाकावें. एक हत्यार वांचविण्यासाठीं दहा पेंच बिघडविणें हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

सॉकेट लावावयाच्या रॅचेट पान्याचें एक पेटंट अमेरिकेंतील व्हर्मांट संस्थानच्या जे. जे. रिचर्डसन यास १८६३ सालीं मिळालें. १९२० मध्यें मिलवॉकी येथें जोसेफ जॉन्सन यानें थोड्या मुठी व बदलतां येणारीं सॉकेटें अशी योजना बाजारांत आणली, आणि पान्यांचें ओझें हलकें झालें. रॅचेट घेतांना दांत किती, हें विचारावें. चाकास २४ दांत असतील तर दर दांतामागें मूठ १५ अंश फिरवावी लागते. ७२ असतील तर ५ अंश पुरे. अडचणीच्या जागीं बारीक दांतांचा रॅचेट उपयोगी पडतो. मात्र सगळा जोर शेवटीं त्या लहानशा खटक्यावर येतो. म्हणून गंजलेला नट प्रथम साध्या लांब पान्यानें सैल करावा, मग रॅचेट लावावा. मुठीवर नळी चढवून जोर करणें म्हणजे खटका मोडून घेणें होय.

राहिलें वंगण. पूर्वीं यंत्रांस चरबी लावीत, हिंदुस्थानांत एरंडेल वापरीत, आणि नाजूक कामास देवमाशाचें पातळ तेल घेत. १८५९ सालीं पेनसिल्व्हेनियांत एडविन ड्रेक यास जमिनींत तेल लागलें. पुढें खनिज तेलें स्वस्त झालीं. गुलामगिरींतून पळालेल्या मातापित्यांचा मुलगा एलायजा मॅकॉय हा एडिंबरो येथें यंत्रविद्या शिकून आला. परंतु वर्णामुळें त्यास आगगाडीवर कोळसा टाकण्याचें व तेल देण्याचेंच काम मिळालें. यंत्र चालू असतांनाच तेल सोडणारें साधन त्यानें १८७२ सालीं पेटंट केलें. ज्याच्या हातांस तेल देण्याचा त्रास होता, त्यानेंच उपाय शोधला.

रॅचेटला वंगण किती, हा प्रश्न त्या मानानें लहान आहे. पण तेथेंहि चूक होते. दाट ग्रीस भरलें तर खटक्याची बारीक स्प्रिंग त्यांत रुतते. खटका वेळेवर दांतांत पडत नाहीं, आणि ऐन जोराच्या वेळीं मूठ निसटते. आपल्याकडील धूळ ग्रीसांत मिसळली म्हणजे तिची खरडच तयार होते. म्हणून रॅचेट उघडून रॉकेलनें धुवावा, कोरड्या फडक्यानें पुसावा, आणि खटक्यावर व दांतांवर पातळ तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत. टक् टक् आवाज स्वच्छ येऊं लागला कीं काम झालें. पेंचकसाच्या पात्यास मात्र तेल नको. गंज येऊं नये म्हणून पेटींत ठेवतांना तेलाचें फडकें फिरवावें, आणि कामाच्या वेळीं टोंक व मूठ कोरडीं पुसून घ्यावीं.

पांचशें वर्षांत अनेकांनीं या हत्यारांवर बुद्धि खर्चिली ती कारागिराचा हात सुरक्षित राहावा म्हणून. जेथें दोन अंगें एकमेकांवर फिरतात तेथें तेल, आणि जेथें एकानें दुसऱ्यास धरावयाचें तेथें कोरडी, तंतोतंत पकड, एवढें ज्यानें जाणलें त्याचें हत्यार सहसा दगा देत नाहीं.